आधी व्याज, मग सभा

माझ्या आत्याचं खरं नाव विचारलंत तर आमच्या शहरातली निम्मी माणसं डोकं खाजवतील. तिला सगळे कुलूपआत्या म्हणतात, तिच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. नवख्याला वाटतं, बाई फार अबोल असेल. छे! बोलायला लागली की समोरच्याचा चहा निवतो. नगरपालिकेच्या सभागृहाची किल्ली तिच्याकडे असते, एवढंच त्या नावामागचं कारण.

आत्या रोखे विभागात कारकून आहे. विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि एक खिडकी. शहरानं लोकांकडून घेतलेलं कर्ज, त्या कर्जाचे रोखे आणि त्यांच्यावरचं व्याज, हा तिचा सगळा कारभार. ज्याच्याकडे रोखा असेल त्यानं वर्षातून एकदा यायचं आणि तो खिडकीतून आत सरकवायचा. आत्या शिक्का मारते, ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजते आणि 'पुन्हा मोजून घ्या' असं रागावल्यासारखं सांगते. खिडकीच्या लाकडी पट्टीला लोकांच्या कोपरांनी खळगा पडलाय. समोर व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या पलीकडे सभागृहाचं मोठं दार.

वर्षातली मोठी सभा व्याजाच्याच दिवशी असते. कुणाकडून किती कर घ्यायचा आणि तो कशावर खर्च करायचा, हे त्या सभेत ठरतं. रीत अशी की रांगेतला शेवटचा माणूस व्याज घेऊन बाजूला झाला की मगच आत्या खोलीबाहेर येते आणि सभागृहाचं कुलूप काढते. तोवर निवडून आलेले सगळे सभासद व्हरांड्यात ताटकळत उभे. व्हरांड्यात खुर्ची ठेवायची नाही, हाही रीतीचाच भाग. आणि रांगेतली माणसं त्यांना सुखानं उभं राहू देतात होय? एकजण गटाराचं विचारतो, दुसरी दिव्याच्या खांबाचं विचारते, तिसरा नुसताच टक लावून बघत राहतो. मी छापखान्यात काम करते, सभेचे कागद पोहोचवायला दरवर्षी तिथे जाते. सभासदांचे चेहरे बघितले की मला फार बरं वाटतं.

या रीतीमागची गोष्ट आत्या खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, त्यानं विचारो न विचारो. फार पूर्वी इथे एक धनी होता. त्याला कुणी जाब विचारायचा नाही, अशी पद्धत. लढाईवर निघाला की व्यापाऱ्यांकडून, विणकरांकडून पैसे उसने घ्यायचा आणि कुणी परत मागायला गेलं की काखा वर करायचा. फार आवाज केला तर तुरुंग. मग एका वर्षी नदीचा बांध फुटला. तो बांधायला पैसे हवे होते, पण कुणी दमडी काढेना. धन्यानं दरडावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. लोक म्हणाले, देतो, पण जकातीचा हिशेब आमची माणसं बघतील. पैसा कशावर जाणार हे ती एका खोलीत बसून ठरवतील. आणि आमचं व्याज हातात पडल्याशिवाय ती खोली उघडायची नाही. धन्याचा नाइलाज झाला. तीच खोली म्हणजे हे सभागृह.

यात आत्यानं पदरचं किती घातलंय ते तिलाच ठाऊक. पण एवढं खरं, की आमच्याकडे सभा स्थापन करून मग कर्ज काढलं गेलं नाही. कर्ज आधी आलं आणि त्याच्या मागून सभा आली.

त्या सभेत बरीच वर्षं फक्त मोठे रोखेवाले बसत. पुढे शहरात नळाचं पाणी आणायचं ठरलं, तेव्हा मोठ्यांचा पैसा पुरेना म्हणून छोटे रोखे काढले. माझी पणजी लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायची. तिनं आणि गल्लीतल्या बायकांनी मिळून एक रोखा घेतला. त्यावर सगळ्यांचे अंगठे आहेत, एकमेकींवर चढलेले. व्याजाच्या दिवशी पैसे घेऊन घरी जायचं सोडून त्या तिथे व्हरांड्यातच उभ्या राहिल्या. आमचे पैसे चालतात, मग आमचं माणूस आत का चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. सभासदांनी ते हसण्यावारी नेलं. पण नळ अर्ध्यावर आले होते आणि आणखी रोखे खपवायचे होते, त्यामुळे ते हसणं फार टिकलं नाही. आधी छोट्या रोखेवाल्यांना मत मिळालं. नंतर, लाज वाटली म्हणून की काय, सगळ्यांनाच मिळालं.

आत्यानं लग्न केलं नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघं: आत्या, मी आणि बाबा. बाबा आत्याचे थोरले भाऊ, ती त्यांना दादा म्हणते आणि ते तिला चिमे म्हणतात. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. स्वभावानं गरीब, पण एकदा डोक्यात काही बसलं की ते काढायला दुसरा जन्म घ्यावा लागेल असा माणूस.

आमच्या ताईला नदीपलीकडे दिली आहे. शहराची वस्ती दोन्ही काठांना, पण दवाखाना, हायस्कूल, बाजार, नगरपालिका सगळं अलीकडे. मध्ये एक नाव. ताईचे दिवस भरले आणि नेमकी नदी चढली. नाव निघेना. बाबा दिवसभर अलीकडच्या काठावर उभे होते, हातात बाळंतिणीच्या सामानाची पिशवी घेऊन. समोर पलीकडे, जिथे ताईला टेकवलं होतं त्या नावाड्याच्या खोलीचं दार दिसत होतं आणि आत काय चाललंय ते कळत नव्हतं. संध्याकाळी नावाडी दाराबाहेर आला आणि त्यानं दोन्ही हात वर करून हलवले, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. जाळी आणि वल्ह्यांच्या शेजारी, पलीकडच्या दाईच्या हातून ताईला मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. मुलीला आम्ही होडी म्हणतो.

त्या दिवशी बाबांच्या डोक्यात पूल बसला. पुढच्या निवडणुकीला उभे राहिले. भाषण करता येत नाही, हातवारे करताना स्वतःचाच चष्मा पाडतात, पण पलीकडच्या लोकांनी त्यांना भरभरून मतं दिली आणि ते नगराध्यक्ष झाले. आत्याला भावाचा अभिमान वाटला, पण तिनं नाक मुरडायचं सोडलं नाही.

"पलीकडच्यांचा एक रोखा नाही आपल्याकडे," ती म्हणायची.

"नळ तरी कुठे गेलेत तिकडे?" बाबा म्हणायचे.

 मग आत्या उठून भांडी आपटायची.

बाबांच्या दुसऱ्या वर्षी बाजार बसला. दुकानं रिकामी, कर गोळा होईना. तिजोरीत जेमतेम व्याजापुरते पैसे उरले. आणि तेवढेच पैसे पुलाच्या ठेकेदाराला पहिला हप्ता म्हणून हवे होते. ठेकेदार खमक्या. पैसे वेळेवर मिळाले नाहीत तर माझी यंत्रं दुसऱ्या शहरात जातील, आणि एकदा गेली की काही वर्षं परत येणार नाहीत, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. व्याज द्यावं तर पूल जातो, पूल धरावा तर व्याज जातं.

सभेच्या आदल्या आठवड्यात आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. बाबा आले आणि समोर बसून विनाकारण चष्मा पुसायला लागले. काहीतरी शिजतंय हे मला तेव्हाच कळलं.

"चिमे, यंदा सभागृह जरा आधी उघडशील?"

"रांग संपली की उघडेन. नेहमीसारखं."

"यंदा रांगेला काही मिळणार नाही. म्हणजे बुडवायचं नाहीये कुणाचं. सहा महिने पुढे ढकलायचंय."

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुणी ठरवलं?"

"सभा ठरवेल. मतं आहेत माझ्याकडे."

"सभा बसायची तर दार उघडायला हवं. दार उघडायचं तर व्याज द्यायला हवं."

"म्हणून तर तुला विचारतोय."

"आणि म्हणूनच मी नाही म्हणतेय."

बाबांनी चष्मा घातला, परत काढला. "सहा महिने व्याज मिळालं नाही तर ते रांगेतले घड्याळजी काय उपाशी मरणार आहेत? तिकडे पोरी नावाड्याच्या खोलीत बाळंत होतायत."

"होडी माझी कुणीच नाही का रे?" आत्याचा आवाज चढला. "पूल काय मला नकोय? पण उद्या त्या पुलासाठी रोखे काढशील, ते कोण घेणार? ही रांगच ना? आज तिच्या तोंडाला पानं पुसायची आणि उद्या तिच्यासमोरच हात पसरायचा?"

"मला लोकांनी निवडून दिलंय, चिमे. तुला नाही."

"खरंय," आत्या म्हणाली. "पण किल्ली तुला दिलेली नाही."

दोघंही खरं बोलत होते, हीच पंचाईत. एकजण जरी खोटं बोलत असता तरी मी दुसऱ्याची बाजू घेऊन मोकळी झाले असते. मी आपली मटाराचे दाणे वेचत बसले.

आता गंमत अशी, की ही रीत कायद्यात कुठेही लिहिलेली नाही. सभा कुठे भरवायची हे नगराध्यक्ष ठरवू शकतो. बाबांनी वकिलाला विचारून ते पक्कं करून घेतलं.

व्याजाच्या दिवशी व्हरांड्यात रांग लागली होती. आत्या खिडकीत बसली होती, शिक्का, शाई, स्पंज सगळं मांडून, फक्त पैसे नव्हते. बाबा जिन्यावरून उतरले, त्यांच्यामागे त्यांच्या बाजूचे सभासद. ते व्हरांड्यातून, रांगेच्या शेजारून चालत गेले आणि बाहेर पडून समोरच्या शाळेत शिरले. बाबांनी खिडकीकडे बघितलं नाही. मी कागदांचा गठ्ठा घेऊन मध्येच उभी होते आणि कुणाच्या मागे जावं ते मला कळेना.

रांगेत पहिले होते ते आमचे घड्याळजी. वय झालेलं, दोन्ही कानांवर केसांचे झुबके, घड्याळं दुरुस्त करतात आणि स्वतः नेहमी उशिरा येतात. त्या दिवशी मात्र वेळेवर आले होते.

"आज नाही?" त्यांनी विचारलं.

"आज नाही," आत्या म्हणाली.

"मग कधी?"

"सभा सांगेल."

"सभा कुठाय?"

"शाळेत."

घड्याळजींनी थोडा विचार केला. "शाळेत? मग आम्ही उभं कुठे राहायचं?"

आत्यानं मान खाली घातली. ते शांतपणे रोखा घडी करून खिशात ठेवत निघाले. त्यांच्यामागची रांगही गेली. कुणी ओरडलं नाही, दगड मारला नाही. ओरडले असते तर मला कमी वाईट वाटलं असतं. आत्या कचेरी बंद होईपर्यंत खिडकीत बसून राहिली.

शाळेतली सभा झटपट आटोपली. व्याज पुढे ढकललं, ठेकेदाराला पैसे मिळाले आणि दोनच दिवसांत काठावर यंत्रं धडधडायला लागली. पलीकडचे लोक काम बघायला रोज जमत. बाबा आनंदात मिठाई घेऊन घरी आले. आत्यानं ताटं वाढली, मिठाईही वाढली, पण बाबांशी एक शब्द बोलली नाही. तिथून आमच्या घरात अबोला सुरू झाला.

अबोला म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. तीन माणसांच्या घरात दोघं बोलत नसली की तिसऱ्याचा पोस्टमन होतो. "तुझ्या वडलांना सांग, साबण संपलाय." "तुझ्या आत्याला सांग, मला ऐकू येतं." मी दोघांनाही सांगून पाहिलं की माझा पगार वाढवा. कुणी भीक घातली नाही. आत्याचं म्हणणं एकच: त्यानं मला विचारलं, मी नाही म्हटलं, तर मला वळसा घालून गेला. एकदा चुकलं म्हणाला तर मी लगेच बोलेन. आणि चुकलं म्हणणं बाबांच्या जिवावर यायचं, कारण त्यांना आपलं चुकलंय असं वाटतच नव्हतं.

मग पुलाचे रोखे निघाले. आमच्याच छापखान्यात छापले. जाड कागद, हिरवी नक्षी, मध्ये पुलाचं सुबक चित्र. इतकं देखणं काम आम्ही कित्येक वर्षांत केलं नव्हतं. ते आत्याच्या खिडकीत विकायला ठेवले आणि कुणी फिरकलंच नाही. पहिल्या दिवशी नाही, पहिल्या आठवड्यात नाही. आत्या रोज सकाळी गठ्ठ्यांवरची धूळ झटकायची.

बाबांना वाटलं, आत्यानंच लोकांचे कान भरले. तिनं चकार शब्द काढला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मी स्वतः घड्याळजींच्या दुकानात जाऊन विचारलं.

"पूल हवाय की," ते भिंगातून एका चाकाकडे बघत म्हणाले. "तुझे वडील भले आहेत, पैसे खाणारे नाहीत. पण एकदा शाळेत गेलेली सभा पुन्हा जाणार नाही कशावरून?"

दुसरा हप्ता रोख्यांतून द्यायचा होता. तो मिळेना म्हणून ठेकेदारानं यंत्रं ट्रकवर चढवली आणि गेला. खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी साचलं आणि त्यात बदकं आली. शहरातल्या रिकामटेकड्यांना फिरायला जागा झाली. लोक म्हणायचे, चला, नगराध्यक्षांची बदकं बघून येऊ. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्या महिन्यात त्यांनी एका गृहस्थाला त्याच्या बायकोचा चष्मा दिला, आणि तो बिचारा आठवडाभर तसाच वावरला. ते जेवणावरून अर्धवट उठायला लागले. आत्या ते बघायची, त्यांच्या ताटात परत भाजी वाढायची, आणि बोलायची मात्र नाही. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठी रडूही यायचं.

सहा महिने सरत आले. बाजार जरा सावरला आणि कराचे पैसे यायला लागले. बाबांनी मनात धरलं की हे पैसे घेऊन ठेकेदाराला परत बोलवायचं आणि व्याज आणखी थोडं लांबवायचं. आता इतकं लांबलंच आहे, तर आणखी थोड्यानं काय होतंय, असा त्यांचा हिशेब.

तेवढ्यात एका दुपारी नाव भरभरून माणसं आली. ताई पुढे, कडेवर होडी. मागे नावाडी, दाई, वखारीतले हमाल, गवळी, भाजीवाल्या. सगळे सरळ रोख्यांच्या खिडकीशी आले. आत्या दचकून उभीच राहिली.

"आत्या, पुलाचे रोखे दे," ताई म्हणाली.

"तुम्ही घेणार?" आत्याच्या तोंडून निघून गेलं.

"का? आमच्या पैशांना वास येतो?"

नावाडी हसला. "आत्याबाई, पूल झाला की माझी नाव काठाला लागली ती लागलीच. तरी मी घेतोय. नातवंडांनी वल्ही मारायला नकोत."

शिपाई धावत वर गेला आणि बाबांना घेऊन आला. बाबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. ते प्रत्येकाचा हात हातात घ्यायला लागले. ताईनं त्यांना थांबवलं.

"बाबा, दोन अटी आहेत. आधी अलीकडच्या लोकांचं राहिलेलं व्याज द्यायचं. मग आमचे पैसे."

"अगं, तुमच्यासाठीच तर ते थांबवलं!" बाबा म्हणाले. "आता आलेला कर ठेकेदाराला दिला तर तो उद्या कामाला लागेल. व्याजात घातला तर पुन्हा उशीर."

"होऊ दे उशीर. आज आमच्यासाठी घड्याळजींना थांबवलंत. उद्या आणखी कुणाची तरी अडचण निघेल आणि मग आम्हाला थांबवाल."

"मी? मी तुझा बाप आहे!"

"म्हणून तर मत तुम्हाला दिलं," ताई म्हणाली. "पण पैसे मी बापाला देत नाहीये, सभेला देतेय. तुम्ही काय जन्मभर नगराध्यक्ष राहणार आहात? तुमच्यानंतर कोण येईल ते आम्हाला माहीत नाही. तो आमचा कुणी लागणार नाही."

 होडीनं हात पुढे करून बाबांचा चष्मा ओढला, तो त्यांनी तिला ओढू दिला.

"दुसरी अट?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सभागृहाच्या दाराला आमचंही कुलूप लागेल. किल्ली पलीकडे राहील. आम्ही निवडू त्या माणसाकडे."

आता चेहरा पडायची पाळी आत्याची होती. ती किल्ली म्हणजे तिचं अर्धं आयुष्य. "असं कधी झालेलं नाही," ती म्हणाली.

"पणजी व्हरांड्यात उभी राहिली, तसंही त्याआधी कधी झालेलं नव्हतं. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

आत्या खिडकी लावून घेऊन आत बसली. चार दिवस ती फुगून होती. दुसरं कुलूप वर लावायचं, खाली लावायचं की शेजारी, यावर तिनं सुताराला नाकी नऊ आणले. पलीकडच्यांचं कुलूप खाली लागेल, असं तिचं म्हणणं. शेवटी एका सकाळी ती स्वतः जाऊन कुलूप पसंत करून आली आणि ते आपल्या कुलपाच्या बरोबरीनं, त्याच उंचीवर लावून घेतलं. कुणी कारण विचारलं तर अंगावर यायची. पलीकडच्यांनी आपली किल्ली दाईकडे दिली. तिच्यापासून काही लपत नाही, असं ते म्हणाले.

मग राहिलेलं व्याज वाटलं गेलं. त्या दिवशी बाबा सकाळपासून व्हरांड्यात उभे होते. घड्याळजी आले तसे बाबा म्हणाले, "उशीर झाला."

"झाला खरा," घड्याळजी म्हणाले. त्यांनी व्याज मोजून घेतलं, थोडा वेळ घुटमळले आणि त्याच पैशांतून पुलाचा एक रोखा मागितला. मागच्या दोघांनीही मागितला. पलीकडच्यांनीही ठरल्याप्रमाणे आपले रोखे घेतले. काही वर्षं येणार नाही म्हणणारा ठेकेदार कुरकुरत, दर वाढवून परत आला. बदकं हाकलली गेली आणि नदीत एकेक खांब उभा राहायला लागला.

एवढं झालं, पण घरातला अबोला काही सुटला नाही. शहराचं व्याज दिलं, तेव्हा सगळं फिटलं, असं बाबांनी धरलं होतं. आत्याला मात्र बाबांच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं. मी मध्ये साबण आणि सोड्याचे निरोप पोहोचवत राहिले.

आणि पुन्हा मोठ्या सभेचा दिवस आला. पलीकडचे सभासद आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. दाई एका बाळंतपणात अडकली होती, ती सकाळी येणार होती. पण सकाळी नदी चढली. रांग संपली. आत्यानं बाहेर येऊन आपलं कुलूप काढलं आणि बाजूला झाली. दुसरं तसंच लटकत राहिलं.

सगळे उभे. दुपार झाली, सावल्या लांबल्या. पाण्यातून वर आलेले खांब व्हरांड्यातून दिसत होते, वर फळी नाही आणि खाली नाव नाही. त्या दिवशी सभेनं मंजुरी दिली नाही तर ठेकेदाराचा हप्ता चुकणार होता आणि ठेकेदार आपल्या यंत्रांसकट पुन्हा निघून जायला मोकळा होता. तो फाटकातच उभा होता, घड्याळ बघत.

एक सभासद म्हणाला, "किल्ल्या बनवणारा समोरच राहतो. बोलवा आणि तोडा कुलूप. त्यांच्याच पुलाचं काम आहे, ते काय रागावणार आहेत?"

दुसरा म्हणाला, "तोडता कशाला? शाळा आहे की समोर. मागे गेलो होतो तसे जाऊ."

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. आत्यानंही बघितलं. बाबांचे गुडघे दुखतात, दिवसभर ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. त्यांनी खांबांकडे बघितलं, फाटकातल्या ठेकेदाराकडे बघितलं. बाबांना तो पूल किती हवा होता हे मला माहीत होतं.

"शाळेत नको," ते म्हणाले. "मागे मी शाळेत गेलो ते चुकलं माझं. त्यांची किल्ली येईपर्यंत थांबायचं."

"उद्या आली तर?"

"तर उद्या."

"अहो, पूल लांबेल!"

"लांबू दे."

 ठेकेदारानं मान हलवली आणि तो बाहेर निघून गेला. परत येण्यासाठी की कायमचा, ते कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग आत्या माणसांतून वाट काढत आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. मी सवयीनं पुढे झाले, निरोप पोहोचवायला.

"दादा, भिंतीला टेक जरा," ती म्हणाली. "पाय भरून आले असतील."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी तिला उत्तर दिलं, माझ्याकडे न वळता.

"तूही टेक, चिमे," ते म्हणाले. "वेळ लागेल अजून."